नवं काय आलं?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजले की 'अर्काइव्ह' या संशोधन-भांडारात त्या दिवसाच्या नव्या पेपरांची यादी लागते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेसहा. पॉल गिन्स्पार्ग यांनी 1991 साली लॉस अलामॉसमध्ये सुरू केलेल्या या भांडारात आता महिन्याला 20 हजारांहून अधिक पेपर येतात. काही तासांनी तीच यादी विषयवार फीडमधून वाचकाकडे पोहोचते. पुण्याच्या आयुकातल्या किंवा मुंबईच्या टीआयएफआरमधल्या संशोधकाचा दिवस सुरू होतो तेव्हा जगभरातल्या समव्यवसायींनी काल काय मांडलं, ते त्याच्यासमोर असतं.

फीडची ही सोय 1999पासूनची. जर्नल आपल्या संकेतस्थळावर एक साधी फाइल ठेवतं. तिच्यात नव्या पेपरांची शीर्षकं, लेखकांची नावं, दुवे आणि कधी कधी सारांश असतो. आपला फीडरीडर ती फाइल अधूनमधून तपासतो आणि नवं आलेलं दाखवतो. त्यात कुणी आपली आवड ताडत नाही की एखादा पेपर गाजतोय म्हणून तो वर आणत नाही. जे आलं ते आलं तसं दिसतं, आणि यादी संपते. मला या संपण्याचं फार मोल वाटतं. गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाला तेव्हा अनेकांना ही सोयच गेली असं वाटलं. फाइली मात्र जर्नलांकडे होत्या तिथेच राहिल्या. दुसरा रीडर घेतला की काम पुढे चालू.

शोधयंत्र हाताशी असताना हे कशाला, असं विद्यार्थी विचारतात. शोधयंत्र आपण विचारलेल्याचं उत्तर देतं. जे घडलं आहे हेच ठाऊक नाही, ते विचारायचं कसं?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम या संदर्भात मला नेहमी आठवतं. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध तिथे कसं उपयोगी पडतं, हे त्यांनी कोकणातल्या रुग्णांची शुश्रूषा करता करता जगापुढे मांडलं. 1980च्या दशकात हे लेखन लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. रुग्ण कोकणातला, डॉक्टर कोकणातला. पण छापील शब्द शेजारच्या तालुक्यातल्या दवाखान्यापर्यंत यायचा तर एखादं मोठं ग्रंथालय, एखादी परिषद किंवा कुणी सांगणारा भेटायला हवा. आज त्याच दवाखान्यातला डॉक्टर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर विंचूदंश, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस असे आपल्या भागातले आजार शोधून त्या शोधाचंच फीड विनामूल्य बनवू शकतो. पूर्ण पेपर नाही मिळाला तरी सारांश बहुधा मिळतो. मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाला आणि त्याला नव्या पेपरची बातमी एकाच दिवशी कळते. ही समानता साधी नाही.

1 जानेवारी 2025पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना जवळपास 13 हजार जर्नलं खुली झाली. दार उघडलं, हे फार चांगलं झालं. आत रोज काय येतं यावर मात्र ज्याची त्यानेच नजर ठेवायला हवी.

त्यासाठी आटोपशीरपणा लागतो. पन्नास जर्नलांची फीड घेतली की न वाचलेल्यांचा आकडा फुगतो आणि माणूस रीडर उघडायचंच टाळतो. आपल्या विषयातली चार-पाच पुरेत. वर एखादं शेजारच्या विषयातलं जरूर असावं, कारण नवी कल्पना पुष्कळदा तिकडूनच येते. शीर्षकं धान्य निवडल्यासारखी भराभर बाजूला करावीत, सारांश मोजकेच उघडावेत, आणि राहिलं ते राहू द्यावं.

जर्नलच्या फीडमध्ये दुरुस्त्या आणि मागे घेतलेल्या पेपरांची निवेदनंही येतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 22 मे 2020 रोजी 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक पेपर आला. 671 रुग्णालयांतल्या 96 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्याचा त्यात दावा होता, आणि निष्कर्ष होता की हे औषध घेणाऱ्या कोविड रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी थांबवत असल्याचं सांगितलं. मग त्या नोंदींविषयीच प्रश्न उभे राहिले. नोंदी पुरवणारी कंपनी त्या स्वतंत्र तपासणीसाठी देईना, आणि 4 जूनला पेपर मागे घेतला गेला. संघटनेने चाचणी पुन्हा सुरू करायचं आदल्याच दिवशी ठरवलं होतं. मूळ पेपराची बातमी सगळीकडे पोहोचली होती. मागे घेतल्याचं मात्र कितीतरी वाचकांना उशिरा कळलं असेल किंवा कळलंच नसेल. अशी ओळ फीडमध्ये दिसली की ती पुढे ढकलू नये. तो पेपर आपण ज्यांना पाठवला होता त्यांना तीही त्याच दिवशी पाठवावी, आणि तो वर्गात शिकवला असेल तर पुढच्या तासाला सुरुवातीलाच सांगावं.