मागे न पाहता

युरोपातील रसिक मनुष्य दोन-तीन दिवसांची सवड काढून केवळ एक ऑपेरा ऐकण्यासाठी व्हिएन्नासारख्या नगरीत मुक्कामास जातो, या रिवाजाचे मला पूर्वी नवल वाटे. परंतु गतवर्षी चैत्र पौर्णिमेनंतर संकटमोचन मंदिराच्या संगीत समारोहासाठी मुंबईहून रेल्वेने काशीस गेलो आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली, तेव्हा मीही तेच केले होते. १९२३ पासून चालत आलेल्या या समारोहात कलावंत बिदागीकडे न पाहता हनुमंताच्या दरबारी हजेरी लावतात, आणि रात्रभर चाललेले गाणे पहाटेच्या रागांपर्यंत येऊन पोहोचते. आमच्या पूर्वजांपैकी जे काशीस गेले ते परतण्याची शाश्वती न बाळगता गेले. वरसईचे गोडसे भटजी तर आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड घेऊन आले. माझ्या पदरी तसले तप नव्हते. गाण्यासाठी तीर्थास जाणे यात्रेत जमा होते की नाही, हा प्रश्न मनात घेऊनच पहिली रात्र ऐकून मी सकाळी मणिकर्णिकेवर आलो.

या घाटाचे नावच कानाशी जडलेले आहे. विष्णूने चक्राने खणलेल्या कुंडात शंकराच्या कानातील भूषण गळून पडले अशी कथा आहे. आणि काशीत देह ठेवणाऱ्याच्या उजव्या कानात स्वतः विश्वेश्वर तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे त्याच्यापाशी अखेरची गोष्ट आहे ती श्रवणाची, आणि तेही अशा कानाचे, की जो आप्तांच्या हाकांना कायमचा बंद झाला आहे.

लाकडांच्या वखारींपुढे मोठमोठे तराजू टांगलेले होते. डोमांनी राखलेल्या अखंड अग्नीतून पेटता गवताचा पुडा घेऊन एक तरुण, नुकतेच क्षौर केलेला, ओल्या धोतराने चितेभोवती उलट्या बाजूने पाच फेरे घालून गेला. कोणी रडत नव्हते. रडण्याने जाणाऱ्याची वाट अडते, असा तेथील समज आहे. बऱ्याच वेळाने, कपालक्रिया आटोपल्यावर, त्याने गंगेच्या पाण्याने भरलेले मडके डाव्या खांद्यावरून निखाऱ्यांवर मागे टाकले, ते फुटल्याचा आवाज झाला, आणि तो मागे न पाहता पायऱ्या चढू लागला.

त्या क्षणी मला ग्लुकचा ‘ऑर्फिओ’ आठवला. १७६२ साली व्हिएन्नात प्रथम रंगभूमीवर आलेल्या या ऑपेरातील नायक आपल्या गाण्याने यमलोक द्रववतो, पत्नीला परत मागून आणतो, आणि त्यालाही अट हीच असते की वाटेत वळून पाहावयाचे नाही. तो पाहतो आणि तिला गमावतो. ग्लुकने मात्र प्रेमदेवतेच्या कृपेने ती त्याला पुन्हा मिळवून दिली आहे. अट एकच, परंतु तिकडे ती मृताला परत आणण्यासाठी आहे आणि इकडे त्याला मोकळे सोडण्यासाठी.

मग गाण्याचे स्थान कोणत्या बाजूला? गाणे तर सर्वस्वी मागे पाहण्यावर जगते. आधीचे आवर्तन स्मरणात नसेल तर समेचा आनंद कोठून येणार? स्मृती हीच ज्याची सामग्री, त्याला स्मशानात मज्जाव असावयास हवा होता. परंतु याच घाटावर महाश्मशाननाथासमोर चैत्र सप्तमीच्या रात्री नगरवधू नृत्य करतात. राजा मानसिंगाने देवळाचा जीर्णोद्धार केला, तेव्हा स्मशानात गावयास कोणी प्रतिष्ठित कलावंत धजेना, म्हणून त्या आल्या, असे सांगतात. चिता जळत असताना त्या नाचतात, आणि पुढल्या जन्मी हे जिणे नको, अशी प्रार्थना करतात. या स्त्रियांच्या सेवेला केवळ करमणूक म्हणणे मला तरी शक्य नाही.

मला वाटते, याचे उत्तर भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी देऊन ठेवलेले आहे. शोक रसपदवीला पोहोचतो तो नाहीसा होऊन नव्हे. त्याला चिकटलेले ‘माझा’ आणि ‘परक्याचा’ हे धनीपण तेवढे गळून पडते. याला त्यांनी साधारणीकरण म्हटले. स्मृती राहते, तिच्यावरचा कब्जा सुटतो. शांत रसाचा अभिनवगुप्तांनी एवढ्या आग्रहाने पुरस्कार का केला असावा, हे ग्रंथ वाचून मला जितके कळले नव्हते, तितके त्या पायऱ्यांवर कळले.

माझ्या वडिलांना अग्नी दिला, तेव्हा भटजींनी बजावूनही मी वळून पाहिले होते. ती चूक अनेक वर्षे मनात सलत होती. गाण्याला मला प्रथम नेले ते त्यांनीच, आणि मैफलीत ते शेजारी मांडीवर ताल धरीत. दुसऱ्या रात्री संकटमोचनाच्या अंगणात, पहाट होण्यापूर्वी, गायकाने ललत धरला. दोन्ही मध्यमांवरून स्वर हळूहळू फिरू लागला तसे वडील डोळ्यांपुढे आले, मांडीवरचा त्यांचा हात दिसला, आणि ते माझे वडील की सकाळी मडके टाकून गेलेल्या त्या तरुणाचे, हे बराच वेळ मला सांगता आले नसते.