तात्पर्य नसलेली कविता

मराठी मुलांच्या हाती छापील प्राणी आला तो तात्पर्य घेऊनच आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीति कथा' १८२८ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून कोल्हा, कावळा, सिंह, उंदीर ही सारी मंडळी आपल्या घराघरांत शिक्षकाची नोकरी करू लागली. पंचतंत्र आणि हितोपदेश यांतील त्यांची जुनी चाकरी होतीच. छापखान्याने ती कायम केली इतकेच. कथा संपली की खाली तात्पर्य येई आणि मुलाची नजर कोल्ह्यावरून उठून त्या एका ओळीवर स्थिरावे. कोल्ह्याचे काम तिथे संपत असे. त्याची ओली लव, त्याची भूक, संध्याकाळी शेताच्या बांधावरून जाताना मागे वळून पाहण्याची त्याची रीत यांच्याशी कोणालाच काही कर्तव्य नसे.

चित्रपुस्तकांच्या द्वारे मुलांना हायकू आणि प्राणिकविता यांची ओळख करून द्यावी, असा विचार आता काही शिक्षक व पालक करू लागले आहेत. वरवर पाहता हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा वाटतो. कोणत्या वयात, कोणते पुस्तक, किती ओळी? मला मात्र तो त्याआधी नीतीचा वाटतो. जो जीव आपल्यासाठी म्हणून जन्मलेला नाही, त्याच्याकडे आपल्या उपयोगाचा विचार बाजूला ठेवून पाहणे हे आपले कर्तव्य आहे काय? आणि असेल, तर ते मुलाला शिकवता येते काय?

हायकू मराठीत रुजवला तो शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी, गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात. त्या आचार्य अत्रे यांच्या कन्या. ज्या घरात वाणीचा धबधबा अहोरात्र कोसळत असे, त्याच घरातील लेखणीने तीन ओळींत थांबणे पत्करावे याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. जपानी हायकूला पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनिमात्रांचे बंधन आहे. मराठीत त्या संख्येचा हट्ट फारसा धरला गेला नाही. परंपरेने हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द असतो आणि तो शब्द पुष्कळदा एखाद्या प्राण्याचे वा पाखराचे नाव असतो. जपानात बेडूक म्हटला की वसंत आणि काजवा म्हटला की ग्रीष्म. आमच्या मुळशी तालुक्यात बेडूक म्हणजे मृगाचा पहिला मोठा पाऊस आणि काजवे म्हणजे त्याच्या आधीचे, रोहिणी नक्षत्राचे ढगाळलेले दिवस. म्हणजे हायकू उसना आणता येतो, पण त्याचे पंचांग ज्याचे त्याने मांडावे लागते.

जपानी कवींत प्राण्यांचा खरा सोयरा म्हणजे कोबायाशी इस्सा. त्याच्या सुमारे वीस हजार रचनांपैकी हजारभर केवळ क्षुद्र जीवांवर आहेत. एकट्या गोगलगायीवर पन्नासाहून अधिक, काजव्यावर दोनशेहून अधिक. माश्या, डास, पिसवा यांनाही त्याने वगळले नाही. लहानपणीच आई गेली, सावत्र आईचा जाच झाला, पुढे पोटची मुले एकापाठोपाठ एक दगावली, शेवटच्या वर्षी घरही जळाले. इतके सोसलेल्या माणसाने माशीला दटावू नये, तिच्याकडून काही शिकूही नये, केवळ तिच्या शेजारी बसावे, ही गोष्ट मला मोठी वाटते. योगायोग असा की १८२८ च्या जानेवारीत इस्साने देह ठेवला आणि त्याच वर्षी छत्र्यांच्या कोल्ह्याने मराठीत तात्पर्य सांगावयास आरंभ केला.

चित्र आणि हायकू यांची सांगडही नवी नाही. हायकूच्या शेजारी चार फटकाऱ्यांचे चित्र काढण्याची 'हायगा' नावाची परंपरा जपानात शतकानुशतके आहे. योसा बुसोन (१७१६-१७८४) हा तर कवी आणि चित्रकार दोन्ही होता. उत्तम हायगामधील चित्र कवितेत जे आहे तेच पुन्हा दाखवीत नाही. कविता बेडकाविषयी असेल, तर चित्रात कदाचित केवळ पाण्याचे वलय असेल. मुलांच्या चांगल्या चित्रपुस्तकाचा धर्मही हाच आहे. शब्द एक गोष्ट सांगतो, चित्र दुसरी, आणि मधली फट मुलाने भरायची असते. त्यातच पान उलटण्याची क्रिया आहे. हायकूत दोन प्रतिमांच्या मध्ये जो छेद असतो, तो चित्रपुस्तकात पानाच्या कडेला आपोआप मिळतो. पाच वर्षांचे मूल पान उलटण्यापूर्वी क्षणभर हात थांबवते, तो छेद त्याला कोणी समजावून दिलेला नसतो.

मुळशीतील एका वाडीत सुटीच्या दिवशी मुलांना पुस्तके वाचून दाखवण्याचे काम आम्ही काही जण करतो. तिथे जाण्यापूर्वी मला वाटत असे की तीन ओळींची कविता या मुलांना परकी वाटेल. पण याच तालुक्यात तिच्याहूनही आखूड कविता पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात मुळशीतील नांदगाव, कोळवडे अशा गावांच्या बायांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रभरातून जमवलेल्या त्या ओव्या एक लाखाहून अधिक भरल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातर्फे त्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. ओवी बहुधा दोनच ओळींची. गिरणी आली, जाते थांबले, तरी या मुलांच्या आज्यांच्या कानांत ती अजून आहे. एका आजीने आमची हायकूची पाने पाहून विचारले, "एवढंच? मग हे तर आमचंच झालं की."

ते तिचेच होते, पण पूर्णपणे नव्हे. ओवीत राघू येतो तो मुलगा होऊन येतो आणि मैना येते ती सासरी गेलेली लेक होऊन. त्यात माया अपार आहे. परंतु खरा पोपट, जो पेरूच्या झाडावर अर्धे फळ खाऊन अर्धे खाली टाकतो, तो त्या ओवीत क्वचितच उतरतो. इसापचा कोल्हा शहाणपणासाठी वापरला गेला, आजीचा राघू मायेसाठी. वापर दोन्हीकडे आहे.

या वापराची किंमत काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण सुगरण पक्ष्याचे आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी सुगरणीच्या खोप्यावर जी कविता रचली, ती महाराष्ट्रात ठाऊक नाही असे मूल विरळा. पिलांसाठी घर विणणारी कष्टाळू आई आपल्याला त्या कवितेने दिली. आपल्या भाषेने तर त्या पाखराचे नावच घरच्या अन्नपूर्णेवरून ठेवले आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. पावसाळ्याच्या आरंभी पिवळ्याधमक डोक्याचे नर पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना गवताच्या चिरफळ्या गुंफतात. अर्धे घर झाले की मादी येऊन पाहून जाते आणि पसंत पडले तरच संसार मांडते. बहिणाबाईंची थोरवी यामुळे तसूभरही उणी होत नाही. पाखराची चोच आणि विणीची नजाकत त्यांनी जशी पाहिली तशी फार थोड्यांनी पाहिली. पण आपण सारे ती कविता पाठ म्हणत खोप्याखालून गेलो आणि वर मान करून विणणारा कोण हे पाहिले नाही. बोध आधीच हाती आला होता, मग पाहायचे कशाला? वाडीतील एका मुलीने ते पाहिले होते. "बाई, तो बाप्या असतो," ती मला म्हणाली. नऊ वर्षांची ती मुलगी ओढ्याकाठी शेळ्या राखते.

येथे एखादा पालक विचारील, आणि विचारावेच, की बोध नसलेली कविता मुलाला देऊन काय साधणार? मूल हे घडवण्याचे वय आहे. आपल्या पवित्र शास्त्रातच नीतिसूत्रांचा कर्ता आळशी माणसाला मुंगीकडे धाडतो. हे खरे आहे. पण त्याच शास्त्रात ईयोबाचा ग्रंथही आहे. सर्वस्व गमावलेल्या त्या माणसाने परमेश्वराला जाब विचारला, तेव्हा परमेश्वराने त्याच्यापुढे प्राणी उभे केले: रानबकऱ्या, रानगाढव, शहामृग, घोडा, ससाणा. त्यांतील एकाचाही उपयोग सांगितला नाही, एकाही खाली तात्पर्य लिहिले नाही. शहामृगाला तर अक्कल दिलेली नाही असेच म्हटले आणि तरी ती धावू लागली की काय दिसते ते सांगितले. अधिकृत कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही (१९९२) म्हणतो की प्राणी केवळ आपल्या असण्यानेच देवाला धन्यवाद देतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. मुंगी आणि ससाणा हे दोन्ही शास्त्रातच आहेत. आपल्या घरांत मात्र मुंगी शिरली आणि ससाणा बाहेरच राहिला.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे आणि तो मला वाडीतच भेटला. रानडुकराने एका रात्रीत भाताचे खाचर उलथून टाकले, ज्याचा बाप आंबेमोहराच्या राखणीला रात्रभर पत्र्याचा डबा वाजवीत बसतो, त्या मुलाला रानडुकराकडे निरपेक्ष दृष्टीने पाहा असे कोणत्या तोंडाने सांगावे? ही सौम्य दृष्टी म्हणजे ज्यांचे काही नासत नाही अशा शहरी माणसांची चैन तर नव्हे? शिवाय पाहणे म्हणजे प्रेम नव्हे. ओढ्यात दगड उचलून खेकडा धरणारा मुलगा खेकड्याला माझ्याहून शंभरपट बारकाईने पाहतो आणि संध्याकाळी त्याचे कालवण खातो. त्याने ते खाऊ नये असे धर्मही सांगत नाही, मीही सांगत नाही.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९-१९४३) हिने १९४२ साली, फादर पेरँ या डोमिनिकन धर्मगुरूंसाठी, शालेय अभ्यासावर एक लहानसा निबंध लिहिला. भूमितीचे उदाहरण सुटो वा न सुटो, ते सोडवताना मनाला जे अवधान लागते तेच पुढे प्रार्थनेत आणि दुःखिताकडे पाहताना उपयोगी पडते, असे ती म्हणते. मला हे पटते, पण सगळे नाही. अवधान हा सद्गुण नाही. तो पारध्याकडेही असतो. पण अवधानावाचून दयेला चेहरा मिळत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची जखमी पक्षिणीवरील कविता आपल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचली. तिने आपल्या डोळ्यांत पाणी आणले ते क्रौर्याचा निषेध केला म्हणून नव्हे, तर पिलांसाठी चारा घेऊन धडपडणारा तो एक जीव टिळकांनी आधी नीट पाहिला म्हणून. निषेध त्या पाहण्याच्या मागून आला.

ज्याच्या खाचराची नासाडी झाली होती त्या मुलाने एके दिवशी तीन ओळी सांगितल्या. खाचरात डुकराचे पाऊल उमटले आहे, त्यात पाणी साठले आहे आणि पाण्यात एक बेडूक आहे, एवढेच. कोणीतरी त्याला विचारले, डुकराचा राग नाही आला? तो म्हणाला, "आला की. पण बेडूक तर होताच." यावर मला काही भाष्य सुचले नाही आणि त्याच्या वडिलांचे भातही त्यामुळे परत आले नाही.

प्राण्यांना बोलते करणारी कविता मग टाकूनच द्यावी काय? मुळीच नाही. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग'मध्ये भायखळ्याच्या बागेतील प्राणी आहेत आणि मुले ती कविता ऐकताना खदखदून हसतात. तिथला विनोद प्राण्याला पंतोजी करीत नाही. वयाने लहान मुलांना हीच कविता आधी द्यावी, असे माझे मत आहे. आधी हसू, मग शांतता. चौथीच्या खालच्या मुलांना हायकूचे नियम सांगणे मला व्यर्थ वाटते.

वाचनाची रीत मात्र महत्त्वाची आहे. एका बैठकीत तीन कविता पुरे. चित्र आधी दाखवावे, शब्द नंतर वाचावेत, मग थोडे गप्प राहावे. हे गप्प राहणेच आम्हां मोठ्यांना जमत नाही. कवितेचा शेवटचा शब्द ओठांवरून उतरतो न उतरतो तोच, 'मग यावरून आपण काय शिकलो?' हा प्रश्न आमच्या तोंडून सुटतो. तो प्रश्न गिळावा. मुलाला काही विचारायचेच असेल, तर 'तू हा कुठे पाहिला आहेस?' असे विचारावे. बहुधा मग आपल्याला ऐकत बसावे लागते.

चांगली चित्रपुस्तके महाग पडतात, आणि पावसाळ्यात वाडीत ती कुबटतात. म्हणून मुलांनी पाठकोऱ्या कागदांना घड्या घालून आपलीच पुस्तके केली आहेत, आठ-आठ पानांची. भिंतीवर ऋतुशब्दांची यादी लावली आहे, ती त्यांनीच सांगितलेली. रोहिणीत काजवे. मृगात बेडूक आणि खेकडे. श्रावणात सुगरण. भात पोटरीला आले की रानडुक्कर. टिटवीवरून मात्र वाद झाला. ती बारा महिने ओरडते, तिला कोणत्या ऋतूत घालायचे? आज्या म्हणाल्या, ती अशुभ आहे, तिचे नावच नको. एक मुलगा म्हणाला, तिची अंडी उन्हाळ्यात उघड्या माळावर दगडांत दगडांसारखी पडलेली असतात, जपून चालावे लागते. तूर्त टिटवी उन्हाळ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने लिहिलेली आहे.