रीतीमागची माया

टोकियोच्या लोकलमध्ये सकाळी खच्चून गर्दी असते, तरी डबा शांत असतो. फोनवर सहसा कुणी बोलत नाही. तिथं नव्यानं राहायला गेलेल्या मराठी माणसाला वाटतं, किती अलिप्त ही माणसं! पण जरा थांबावं, समजून घ्यावं. आपल्या आवाजाचा शेजाऱ्याला त्रास नको, ही त्या शांततेमागची काळजी. आपल्या गाडीत आपण अनोळखी प्रवाशाला विचारतो, ‘कुठं निघालात?’ घरची पोळीभाजी पुढे करतो. तीही काळजीच. रीत वेगळी, माया तीच. म्हणून श्रोतेहो, परक्या घरी, परक्या देशी कुणाचं वागणं खटकलं, तर लगेच नावं ठेवू नयेत. जरा थांबावं, समजून घ्यावं. समजून घेणाऱ्याला कुठलाच मुलूख फार दिवस परका राहत नाही.