आरोपी आणि अपराधी

“चोराला वकील कशाला?” हा प्रश्न आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येतो. किद्दूश आटोपला, सिनेगॉगच्या अंगणात चार माणसे बोलत उभी राहिली आणि एखाद्या खुनाचा किंवा दरोड्याचा विषय निघाला, की कोणीतरी म्हणतेच, “पोलिसांनी पकडला ना? मग खटल्याचे नाटक कशाला? आणि वकीलही सरकारने द्यायचा, म्हणजे आपल्याच करातून!” असे बोलणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मेलेल्याची आई असते, लुबाडलेला म्हातारा असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नुसते रागावून देऊन भागणार नाही. त्याचा नीट विचार करायला हवा.

प्रथम शब्दांकडे पाहू. इस्राएलच्या १९७७ सालच्या दंडविधानात गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत. तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा असलेला तो ‘खेत’, तीन महिन्यांहून अधिक पण तीन वर्षांपर्यंतचा तो ‘आवोन’, आणि तीन वर्षांहून अधिक शिक्षेचा तो ‘पेशा’. हे तिन्ही शब्द आपल्याला किप्पूरच्या प्रार्थनांतून ओळखीचे आहेत. तेथे नकळत घडलेले पाप, जाणूनबुजून केलेले पाप आणि देवाविरुद्ध बंड म्हणून केलेले पाप, असा त्यांचा चढता क्रम शास्त्री लावतात. कायद्याने तो शिक्षेच्या मर्यादेवरून लावला आहे. किप्पूरला आपण उभे राहून आपल्याच तोंडाने पापे कबूल करतो. ती कबुली देवापुढची, आणि तिचे फळ क्षमा. पोलीस ठाण्यातली कबुली माणसांपुढची, आणि तिचे फळ तुरुंग. या दोन्ही एकच समजणे धोक्याचे आहे.

तसेच संशयित, आरोपी आणि अपराधी हेही एक नव्हेत. पोलिसांना ज्याचा संशय आला तो संशयित. ज्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले तो आरोपी. पुरावा ऐकून, वाजवी शंकेला जागा उरली नाही असे न्यायाधीशांनी ठरवले, तरच तो अपराधी. पहिल्या पायरीपासून तिसऱ्या पायरीपर्यंतची वाट सरळ व्हावी म्हणून कायद्याने काही हक्क दिले आहेत. अटक झालेल्या माणसाला सर्वसाधारणपणे चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. त्याला अटकेचे कारण कळले पाहिजे. वकिलाला भेटण्याचा त्याला हक्क आहे, आणि गप्प राहण्याचाही. मात्र गप्प राहिल्याने विरुद्धचा पुरावा बळकट होऊ शकतो, हेही त्याला सांगितले जाते. १९९५ साली सरकारी बचाव-वकिलांचा कायदा झाला, त्यामुळे ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्यालाही वकील मिळू शकतो. २००२ सालच्या कायद्याने चौकशी संशयिताला समजेल अशा भाषेत व्हावी, आणि गंभीर गुन्ह्यांत तिचे चित्रण किंवा ध्वनिमुद्रण व्हावे, असे ठरले. देशाच्या सुरक्षेसंबंधीच्या गुन्ह्यांत यांतले काही हक्क बरेच आखडते होतात, हेही लक्षात असावे. भाषेच्या हक्काचे मोल आपल्याला सांगायला नको. नवीन आलेले आपले आईवडील सरकारी कचेऱ्यांतून न समजलेल्या कागदांवर माना डोलावत सह्या करीत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते ठाऊक आहे.

पण हे हक्क मुळात का असावेत? मी पस्तीस वर्षे परिचारिकेचे काम केले, म्हणून माझ्या कामातलेच उदाहरण देते. रोग्याला रक्त लावण्यापूर्वी दोघांनी मिळून त्याचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, रक्तगट आणि पिशवीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचून ताडून पाहायची असते. रोगी रोजच्या ओळखीचा असला तरी त्याचे नाव पुन्हा विचारायचे. नवीन मुली कंटाळत, म्हणत, “सिस्टर, मला खात्री आहे ना!” मी त्यांना सांगत असे, की खात्री आहे म्हणूनच पुन्हा वाच. ज्याला शंका असते तो आपणहून दुसऱ्यांदा पाहतो. ज्याला खात्री असते तो पाहत नाही. आणि चुकीचे रक्त एकदा शिरेत गेले की परत काढता येत नाही. हा नियम आमच्यावरच्या अविश्वासातून झालेला नाही, तर माणूस प्रामाणिकपणेही चुकतो या अनुभवातून झालेला आहे. आरोपीचा वकील म्हणजे पिशवीवरचे नाव दुसऱ्यांदा वाचणारा माणूस. तो पोलिसांचा शत्रू नव्हे, आणि गुन्ह्याचा मित्र तर नव्हेच.

आपल्या पूर्वजांना हे फार पूर्वी कळले होते. तोरा एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू देत नाही. निदान दोन हवेत. देहदंडाच्या खटल्याला तेवीस न्यायाधीश बसत. निर्दोष ठरवायचे असेल तर निकाल त्याच दिवशी देता येई. दोषी ठरवायचे असेल तर रात्र जाऊ द्यावी लागे. सगळेच्या सगळे न्यायाधीश एकमताने दोषी म्हणाले, तर तलमूदच्या मते आरोपीला सोडून द्यावे, कारण त्याच्या बाजूने कोणी विचारच केला नाही. आणि माणसाने स्वतः दिलेली कबुली अशा खटल्यात पुरावा म्हणून चालतच नसे. रामबाम याचे कारण देतो, की कदाचित तो मनाने पीडलेला, जिवाला कंटाळलेला असेल आणि मरण मागायलाच आला असेल. परिचारिकेला हे लगेच पटेल. दोन रात्री झोप न मिळालेला माणूस काय काय बोलतो, ते आम्ही पाहिलेले असते.

आजच्या इस्राएलमध्ये मात्र पोलिसांपुढे स्वखुशीने दिलेली कबुली पुरावा म्हणून चालते. तिला थोड्या दुजोऱ्याची जोड लागते, एवढेच. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो नियम कायम आहे. तिकडच्या समजुतीवर राहून इकडे बोलणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. १९७४ साली राखेल हेलर नावाच्या तरुण सैनिक मुलीचा खून झाला. आमोस बारानेस याला १९७६ साली, मुख्यतः त्याच्या कबुलीवरून, जन्मठेप झाली. कबुली जबरदस्तीने घेतली, असे तो सांगत राहिला. १९८३ साली तो सुटला, पण माथ्यावरचा डाग गेला नाही. शेवटी २००२ साली फेरखटल्याची परवानगी मिळाली आणि तो निर्दोष ठरला. इतकी वर्षे तो अपराधी म्हणून जगला, आणि त्या मुलीच्या आईबापांनाही न्याय मिळाला नाही. मराठीत म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. या म्हणीत आपण संन्याशाची कीव करतो. पण चोर सुटला, याकडे आपले लक्ष जात नाही.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सैनिकाच्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकले. वकिलाला भेटण्याचा हक्क आहे हे न सांगता घेतलेली त्याची कबुली न्यायालयाने बाजूला ठेवली. अशी प्रत्येक कबुली आपोआप बाद होते असे नव्हे, पण हक्क मोडून मिळवलेला पुरावा नाकारण्याची मुभा न्यायाधीशांना मिळाली.

सर्वांत कठीण उदाहरण जॉन डेम्यान्युकचे. १९८६ साली त्याला अमेरिकेहून येथे आणले. ट्रेब्लिंकातून वाचलेल्या साक्षीदारांनी भर न्यायालयात त्याला बोट दाखवून ओळखले, की विषारी वायूच्या कोठड्या चालवणारा ‘भयंकर इव्हान’ तो हाच. खटला रेडिओवरून ऐकवला जात असे. आमच्या वॉर्डातही तो लावलेला असे. १९८८ साली फाशीची शिक्षा झाली. त्याची बाजू मांडणारे वकील योराम शेफ्टेल यांच्या तोंडावर एकाने ॲसिड फेकले. तरी अपील चालले. पुढे सोव्हिएत दप्तरे उघडली आणि ट्रेब्लिंकाच्या पहारेकऱ्यांचे जुने जबाब सापडले. त्यांत त्या इव्हानचे आडनाव मार्चेन्को असे होते. २९ जुलै १९९३ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने, शंकेचा फायदा देऊन, डेम्यान्युकला सोडले.

त्या दिवशी आमच्याकडे हातावर आकडा गोंदलेली एक वृद्ध बाई दाखल होती. ती दिवसभर कोणाशी बोलली नाही, जेवलीही नाही. तिला मी कोणता कायदा समजावून सांगणार होते? साक्षीदार खोटे बोलले नव्हते. त्यांचे दुःख खरे होते, त्यांची खात्रीही खरी होती. माणूस मात्र तोच आहे हे सिद्ध झाले नाही. पुढे जर्मनीत त्याच्यावर सोबिबोरच्या छावणीतल्या कामाबद्दल खटला झाला आणि २०११ साली तो दोषी ठरला. अपील चालू असतानाच २०१२ साली तो वारला. म्हणजे १९९३ चा निकाल त्याला संत ठरवत नव्हता. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी याला फाशी देता येणार नाही, एवढेच तो सांगत होता. ज्या राष्ट्राला सूड घ्यायचा सर्वाधिक हक्क होता, त्याने हे सांगितले. या देशाच्या न्यायालयाबद्दल मला त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान क्वचितच वाटला असेल, आणि तेवढे दुःखही.

यावर कोणी म्हणेल, मग ज्याच्यावर अन्याय झाला त्याने कोणाकडे पाहायचे? रात्रपाळीत मी मारहाण झालेल्या बायका पाहिल्या आहेत. जिन्यावरून पडले, असे सांगणाऱ्या बाईच्या गळ्यावरचे बोटांचे वळ धुऊन पुसले आहेत. अशी बाई न्यायालयात गेली आणि पुराव्याअभावी तो सुटला, तर तो घाव मोठा असतो. हक्कांची ही किंमत आहे, आणि ती बहुधा दुबळ्यालाच मोजावी लागते. मिश्नातही हा वाद आहे. सत्तर वर्षांत एकाला जरी देहदंड दिला तरी ते न्यायमंडळ विध्वंसक होय, असे एक मत आहे. त्यावर रब्बान शिमोन बेन गमलिएल बजावतात, की इतके सौम्य झालात तर खुनी वाढतील. आपल्या शास्त्यांनी दोन्ही मते जपून ठेवली आहेत. मला वाटते, यावरचा उपाय आरोपीचे हक्क कापणे हा नव्हे. तपास लवकर व्हावा, पुरावा काळजीने जमवला जावा, आणि पीडिताचा मान राखला जावा. २००१ साली पीडितांच्या हक्कांचाही कायदा झालेला आहे. तो नीट पाळला जावा. चुकीचा माणूस आत गेल्याने त्या बाईच्या घराची कडी बळकट होत नाही.

शेवटी आपल्या घरचे बोलते. आपला समाज लहान आहे. एखादा मुलगा पोलिसांनी नेला, एवढी बातमी दिमोनाहून अश्दोदला पोहोचायला तासही लागत नाही. खटला उभा राहण्यापूर्वीच आपल्याकडे निकाल लागतो. बहिणीच्या ठरत आलेल्या लग्नाची बोलणी थांबतात. सिनेगॉगमध्ये बापाच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. आईला बाजारात कोणी हाक मारीत नाही. पुढे मुलगा निर्दोष सुटला, तरी ती बातमी तितक्या वेगाने पोहोचत नाही. सरकारच्या न्यायालयात निदान वकील असतो, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात, अपील असते. आपल्या अंगणातल्या न्यायालयात यांतले काहीच नाही.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी अशी बातमी कानावर आली, तर ती पुढे देण्यापूर्वी एवढेच विचारा: हे कोणी पाहिले? दुसऱ्या कोणी पाहिले का? त्या मुलाचे म्हणणे काय आहे? आणि त्याच्या आईच्या घरी जाऊन या. ती अपराध्याची आई आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवतील. आपण तिच्याकडे चहा घेऊन यावे.