डाग कोणाला बोचतो?

काही बाळे चेहऱ्यावर लालसर-जांभळा डाग घेऊन जन्माला येतात. 'पोर्ट-वाइन स्टेन' हा असा डाग आपोआप जात नाही. वयाबरोबर तो गडद व जाड होत जातो. लेझरने फिकट होतो, पण उपचार अनेकदा करावा लागतो. डाग मोठा असला, तर लहान मुलाला पुष्कळदा पूर्ण भूल देतात.

ही भूल सुरक्षित आहे का? ३ वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा ३ तासांहून अधिक भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिला. उलट, तान्हेपणी एकदाच, तासाभराहून कमी भूल दिलेल्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षी फरक दिसला नाही, असे २०१९ च्या 'लॅन्सेट'मधील अभ्यास सांगतो. प्रश्न उरतो तो 'वारंवार'चा.

बाळ होकार देऊ शकत नाही. आईबाप तो त्याच्या वतीने देतात, म्हणजेच त्याच्या हितासाठी. 'लोक काय म्हणतील' ही भीती आपली. तिची किंमत बाळाने का मोजावी? पण 'देवाने दिलेली खूण' म्हणून उपचार टाळणे हीसुद्धा श्रद्धा नव्हे. उद्या शाळेतले चिडवणे त्यालाच सोसायचे आहे.

म्हणून डॉक्टरांना विचारा: भूल किती वेळा, किती वेळ? भूलतज्ज्ञांना लहान मुलांचा अनुभव आहे का? थांबलो तर काय बिघडेल?

आणि आपण शेजाऱ्यांनी त्या बाळाकडे टक लावून पाहणे सोडावे. मग आईबापांना शांतपणे ठरवता येईल.

आपला,
फादर