दोन विद्यांचा संसार

बारावीचा निकाल लागला, की सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांतून एकच वाद ऐकू येतो. मुलगी म्हणते, इतिहास. वडील म्हणतात, संगणक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय घेण्याची वाट रुंदावली आणि तडजोड निघाली : दोन्ही घे. एक पोटासाठी, एक मनासाठी!

मी मॅट्रिकपाशी थांबलेला मास्तर. पदव्यांविषयी मी काय बोलावे? परंतु हा प्रश्न पदवीचा नाही, निष्ठेचा आहे. अशी वाटणी प्रामाणिक म्हणावी काय?

पोटासाठी शिकणे हे काही पाप नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथली मुले राबत आणि शिकत. त्यांच्या घामाने विद्या विटाळली नाही. खोट आहे ती दोन विद्यांची एकमेकींशी ओळखच न होण्यात.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. अशा जुन्या पत्रांवर मुसलमानी महिना व तारीख असते, कधी वारही असतो. साल मात्र पुष्कळदा नसतेच. संगणक शिकलेली मुलगी आज घटकाभरात काढून दाखवील, की ही तारीख या वारी कोणकोणत्या वर्षी येऊ शकते. पण त्यांतले नेमके कोणते? इथे यंत्र मुके होते. पत्रात हैदर अली जिवंत दिसत असेल, तर १७८२ नंतरची सारी वर्षे गळाली. हे इतिहास सांगतो. उलट, नुसत्या तर्कावर विसंबून कोणी सोयीचे साल ठोकून दिले, तर गणित त्याला दटावते : बाबा रे, त्या साली तो वार नव्हता!

दोन विषय घेणारीवर म्हणून दुहेरी जबाबदारी येते. इतिहासवाल्यांत संगणकाचा तोरा मिरवायचा आणि संगणकवाल्यांत इतिहासाचा, हे सोपे आहे. दोन्हीकडे पाहुणचार होतो, परीक्षा कुठेच होत नाही. दोन्ही घरी सुनेसारखे राबणे अवघड.

तेव्हा, वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती हा विषय निघालाच, तर मुलीला पगार जरूर विचारा. मात्र एवढेही विचारा, की तुझी एक विद्या दुसरीची चूक दाखवू लागली, तर तू कान देशील ना?