भाव तोंडपाठ, गाव ठाऊक नाही

प्रो कबड्डीच्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला 2 कोटी 23 लाख मिळाले, याचं या स्तंभाला मुळीच वाईट वाटलेलं नाही. गडी तेवढ्या मोलाचा आहे. आधी पुण्याकडून खेळला, मग हरियाणाकडून, आणि दोन्ही संघांना त्यानं अजिंक्यपद मिळवून दिलं. राग आहे तो कोयनानगरच्या वसाहतीत दिसलेल्या प्रकाराचा. मोबाईलभोवती पोरांचं कोंडाळं, त्याचे तिन्ही हंगामांतले भाव तोंडपाठ. इराण कुठंय, असं विचारल्यावर एक जण म्हणाला, "दुबईच्या पुढं." दुसऱ्यानं भर घातली, "तिथं सगळे पैलवानच असतात." शेजारी उभे असलेले वडील कौतुकानं म्हणाले, "बघून बघून आपोआप शिकतात हो पोरं."

आपोआप!

याच वडिलांनी पोराला गणिताची शिकवणी लावली आहे, इंग्रजीची लावली आहे, सुट्टीत अबॅकसचाही वर्ग झाला. म्हणजे सात चोक अठ्ठावीस आपोआप येत नाही. पण एक अख्खा देश, तिथली घरं, तिथल्या लोकांचे धाक आणि त्यांच्या थट्टामस्करीच्या रीती मात्र तीस सेकंदांच्या चढाईत पोराच्या डोक्यात शिरतात. कोयनेच्या पाण्यातून आपोआप वीज निघाली असती, तर पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर कोरायचा खटाटोप कुणी केला असता? आणि आपोआप शिकलं जातं ते काय? पानमसाल्याच्या नावानं विकली जाणारी वेलची. 2025 पर्यंत पैसे लावून संघ बनवायचं ॲपही होतं. जाहिरात लागली की आवाज बंद करावा, हे हा स्तंभ कधीपासून सांगतो आहे. कुणी ऐकत नाही.

परका देश शिकवायचा म्हटलं की भाषा कळत नाही, वेळ मिळत नाही, अभ्यासक्रमात नाही, या सबबी आहेतच. त्यांना उत्तर द्यायला जागा नाही.

आवाज बंद केल्यावर पोरांना एक गोष्ट सांगता येईल. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला 27-24 असं हरवलं. डोकं झाकून, पूर्ण बाह्यांच्या पोशाखात खेळणाऱ्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. आता पोरांना विचारावं: शेवटची शिट्टी वाजल्यावर बाईंनी हसायचं की रडायचं? उत्तर पुस्तकात नाही, म्हणूनच ते विचारायचं. 'वेशभूषा दिना'ला डोक्याला फडकं बांधून फोटो काढणाऱ्या शाळांना हा प्रश्न सुचणार नाही, हा या स्तंभाचा दुसरा जुना राग.

सिनेमातूनही असा प्रश्न विचारता येईल. इराणच्या अब्बास किआरोस्तामींनी 1987 मध्ये एक साधा चित्रपट केला. मित्राची वही चुकून घरी घेऊन आलेला मुलगा ती परत करायला टेकडी ओलांडून शेजारच्या गावात जातो, एवढीच गोष्ट. वही नसली तर मित्राला उद्या शाळेतून काढतील, ही त्याची धास्ती. ती पाटण तालुक्यातल्या कुठल्याही पोराला समजावून सांगावी लागणार नाही. पुढे जून 1990 मध्ये त्याच भागात भूकंप झाला, हजारो माणसं गेली. किआरोस्तामींनी दुसरा चित्रपट केला: एक दिग्दर्शक आपल्या मुलाला गाडीत घेऊन, आधीच्या चित्रपटातली पोरं जिवंत आहेत का, हे शोधायला निघतो. वाटेत पडझड, ढिगारे, तंबू. आणि एक माणूस अँटेना उभारत असतो, कारण रात्री फुटबॉल विश्वचषकाचा सामना आहे. स्वतःच्या घरातली माणसं गेलेली असताना सामना बघायचा? विश्वचषक चार वर्षांतून एकदाच येतो, असं काहीसं तो म्हणतो.

11 डिसेंबर 1967 ची भूकंपाची पहाट ज्यांच्या आजी-आजोबांनी पाहिली, त्या कोयनानगरच्या पोरांना या अँटेनावाल्याची चीड येईल की तो आपला वाटेल? हा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर विचारावा आणि आपण गप्प बसावं. इराण तेव्हा दुबईच्या पुढं राहणार नाही, आजीच्या पडलेल्या घरापाशी येईल.

हे चित्रपट संथ आहेत, दाखवले तर पोरं चुळबुळ करतील. करू द्यावी. मध्येच व्हॉट्सॲप उघडणाऱ्या वडिलांना मात्र खोलीबाहेर काढावं. त्यांचं शिक्षण बाहेर आपोआप होईल.